दुसरा दोनशे बारा

बारक्याचं वय सत्तेचाळीस आणि वजन ब्याण्णव किलो, तरी घरात त्याला बारक्याच म्हणतात. आईने एकदा ठेवलेलं नाव बदलायची त्या घरात पद्धत नाही. आईचं काही चुकतच नाही म्हटल्यावर बदलायचं कशाला?

हे वाक्य थट्टेचं वाटेल, पण बारक्या त्याच्याखालीच वाढला. त्याची आई रस्ते खात्यात आकडे रंगवायची. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, त्यांच्यावरचे. टोळी पुढे दगड रोवत जायची आणि मागून आई डबा-ब्रश घेऊन पांढऱ्यावर काळा आकडा काढत यायची. साचा नाही, पट्टी नाही, नुसता हात. एकतीस वर्षांची नोकरी झाली. खात्यात तिला 'आकडेबाई' म्हणत. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "बाईंचा एकही आकडा कधी चुकला नाही." साहेब जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते विसरले असतील. घरच्यांना तशी सवलत नव्हती.

बारक्या एका गोदामात आलेला माल मोजून घ्यायच्या कामाला होता. म्हणजे आकड्यांशी संबंध त्याचाही होता, पण जावयाचा सासूशी असतो तसा, जपून. गेल्या वर्षी त्याने चारशे दिव्यांची खोकी चार हजार लिहिली. मालकाने दोन वाक्यांत विषय मिटवला. आईने त्या संध्याकाळी अकरा वेळा विचारलं, "पण का?" बारक्याने ते मोजलं होतं. दुसऱ्याचं मोजताना त्याचं कधी चुकत नसे.

अशा घरात एका रविवारी मुकादमाचा फोन आला.

मुकादम म्हणजे आईच्या टोळीचा म्होरक्या, आता ऐंशीला टेकलेला. आईला कमी ऐकू येतं हे तिला मान्य नव्हतं, म्हणून फोनचा आवाज बाहेर सोडलेला असे. बारक्या शेजारीच स्टुलावर चढून पंखा पुसत होता.

"बाई, रागवू नका," मुकादम म्हणाला, "पण दोनशे बारा दोनदा आहे."

"कुठे?"

"आपल्या पूर्वेच्या रस्त्यावर. लेकीकडे चाललो होतो. जावई गाडी चालवत होता आणि मी दगड वाचत होतो, सवय जात नाही ना. दोनशे अकरा, दोनशे बारा, परत दोनशे बारा."

"डुलकी लागली असेल तुम्हाला."

"येताना पण बघितलं."

"येतानाही लागली असेल."

"बाई, हात तुमचाच आहे."

आईने फोन ठेवला. बारक्या स्टुलावरच थांबला. त्याच्या पोटात एक गुदगुली सुरू झाली होती आणि ती चेहऱ्यावर येऊ नये म्हणून तो पंख्याचं तेच पातं तिसऱ्यांदा पुसत होता. आईची चूक! त्याला कुणी लॉटरीचं तिकीट दाखवून 'हेच लागलंय' म्हटलं असतं तरी इतकं बरं वाटलं नसतं.

"त्याचे डोळे गेलेत," आई म्हणाली.

"फोटो मागवू या?"

"फोटोत काय, हल्ली माणसाला शिंगंसुद्धा लावून देतात."

"मग जाऊनच बघू. मी नेतो तुला."

चौदाशे किलोमीटर. जायला तीन दिवस, यायला तीन. बारक्याची शिलकी रजा बरोबर आठ दिवस होती आणि ती मागताना त्याने कारण लिहिलं, 'आईच्या जुन्या कामाची पाहणी'. बायकोने डबे भरता भरता विचारलं, "एवढ्या लांब, दगड बघायला?"

"आईच्या मनाला बरं वाटेल."

"आईच्या?" बायको म्हणाली. नवऱ्याचा माल मोजून घ्यायला तिलाही वीस वर्षं मिळाली होती.

पहिला दिवस आईचा होता. पट्टा लावून, पर्स मांडीवर घेऊन ती पुढे बसली आणि शहर संपताच तिने दगडांची हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"हा सात बघ, कमरेत वाकलाय. आणि हा नऊ! डोकं केवढं, मान केवढी. रंगवणाऱ्याला जेवणाची घाई असणार."

"वाचता आलं म्हणजे झालं की."

"वाचायला ते काय पुस्तक आहे? आकडा वाचावा लागला तर तो रंगवणाऱ्याने फुकट पगार घेतला. ऐंशीच्या वेगात माणसाला तो दिसला पाहिजे."

"मी साठनेच चालवतोय."

"म्हणूनच तर मागचा ट्रक केव्हाचा ओरडतोय."

दुपारपर्यंत तिने दीडशे दगड तपासले आणि त्यांतले नऊ पास केले. मधल्या वेळात बारक्याच्या गाडी चालवण्याबद्दल सहा, त्याच्या शर्टाबद्दल दोन आणि सुनेने दिलेल्या उकडलेल्या अंड्यांबद्दल एक शेरा झाला. अंड्यांना मीठ बेताचं होतं, आणि ती स्तुती होती. बारक्याला रागही येत नव्हता. माणसाच्या खिशात उद्याचा विजय असला की आजचे टोमणे गार वाऱ्यासारखे लागतात. तो गुणगुणतसुद्धा होता. परवा, त्या दगडापाशी, तो काही बोलणार नव्हता. फक्त एकदा, हळूच, विचारणार होता, "पण का?" ते वाक्य त्याने मनात चार वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका रस्त्याकडेच्या लॉजवर नाश्त्याला बसले होते. बारक्या बिल चुकतं करून परत आला तेव्हा आई टेबलाकडे बघत होती. पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून ती टेबलावर आकडे काढत होती. दोन, एक, दोन. तळव्याने पुसत होती आणि परत काढत होती. टोस्ट अर्धा तसाच होता. आई ताटात काही टाकते हे बारक्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"चहा गार झाला," तो म्हणाला.

"बारक्या, माणसाला स्वतःचा हात ओळखू येतो का रे? अडतीस वर्षांनी?"

"तुला येईल."

"मला येईलच," आई म्हणाली आणि तिने टेबल कोरडं पुसलं. "तीच तर पंचाईत आहे."

त्यानंतर गाडीत तिने दगडांना नावं ठेवली नाहीत. वेडावाकडा पाच गेला, पोट सुटलेला सहा गेला, ती गप्प. शंभरेक किलोमीटर ही शांतता बारक्याला बरी वाटली. पुढे ती अंगावर यायला लागली. शेवटी त्यानेच एका आठाकडे बोट दाखवलं. "हा बघ, किती तिरका!"

"असेल बाबा. ऊन लागत असेल बिचाऱ्याला रंगवताना."

बिचाऱ्याला! बारक्याने चमकून तिच्याकडे बघितलं. पर्सचा पट्टा तिने बोटांभोवती गुंडाळला होता, परत सोडत होती, परत गुंडाळत होती. ही बाई घाबरली आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि जिच्यासाठी तो एवढी रजा खर्च करत होता ती पोटातली गुदगुली कुठे गेली ते त्याला कळेना. त्याने शोधूनही पाहिलं. अंडं जास्त खाल्ल्यावर होतं तसं काहीतरी जड तेवढं सापडलं. एकतीस वर्षांच्या नोकरीतून या बाईने पेन्शन सोडली तर साहेबांचं ते एकच वाक्य घरी आणलं होतं, आणि तो ते काढून घ्यायला स्वतःच्या पेट्रोलने निघाला होता.

"आई, मुकादमकाकांना मोतीबिंदू आहे म्हणत होते."

"काढलाय गेल्या वर्षी."

"मग परत झाला असेल. आपण असं करू, पुढच्या गावात तळं आहे म्हणे मोठं. ते बघू आणि परत फिरू."

"दोन दिवस गाडी चालवून तळं बघायला?" आईने त्याच्याकडे नीट वळून बघितलं. "तुझा काहीतरी वेगळाच हिशोब होता ना निघताना?"

बारक्याने गिअर बदलला. गरज नव्हती, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो रस्ता लागला. दोन्ही बाजूंना सपाट माळ आणि मध्ये काळी सरळ रेघ. दोनशेपाचच्या दगडापाशी आई पुढे सरकली. "हा माझा." रंग उडाला होता, पण आकडा ताठ उभा होता. दोनशे सहा, दोनशे सात. "हेही माझेच." तिचा आवाज जरा वर आला. भाचरांच्या लग्नात एकेक नातेवाईक भेटावा तशी ती प्रत्येक दगडाला मान हलवत होती. बारक्याने वेग तीसवर आणला. मागचा ट्रकवाला बाजूने जाताना जे म्हणाला ते सुदैवाने आईच्या कमी ऐकू येणाऱ्या बाजूला पडलं.

दोनशे अकरा. दोनशे बारा.

पुढचा एक किलोमीटर बारक्या मनात म्हणत होता, तेरा, तेरा, तेरा असू दे. लांबून पांढरा ठिपका दिसला. जवळ आला. दोनशे बारा.

आई गाडीतून उतरली, दगडासमोर गेली आणि गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसली. आपल्या दोनला ती शेवटी शेपटीत किंचित उचल द्यायची, एवढीशी, बसल्या जागेवरून कुणी उठू बघतंय तशी. खात्यात दुसरं कुणी ती देत नसे. दगडावरच्या दोन्ही दोनांना तीच उचल होती. आईने एकीवरून बोट फिरवलं. बारक्यालाही ती दिसली. त्याच्या शाळेच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर, पिठाच्या डब्यांवर तीच तर असायची.

"मुकादमकाकांनी दगड हलवला असेल," तो घाईघाईने म्हणाला.

"दगड हलवून आकडा बदलतो का?"

"मग दुसऱ्या कुणीतरी रंगवला असेल. तुझी नक्कल करून."

"कशाला? बक्षीस होतं का त्याला?"

"तुला ताप असेल त्या दिवशी."

"मला कधी ताप येतो?"

"कुणीतरी तुला आकडा चुकीचा सांगितला असेल."

"मी कधी कुणाचं ऐकते का?"

बारक्या तिच्या शेजारी गवतात बसला.

"संध्याकाळी काम थांबवताना," आई म्हणाली, "उद्याचा पहिला आकडा मी मनगटावर लिहून ठेवायची, काळ्या रंगाने. सकाळी उठायचं, मनगट बघायचं, सुरू करायचं. त्या दिवशी उद्याचा लिहायच्या ऐवजी आजचाच लिहिला असणार."

"पण..." बारक्या म्हणाला आणि थांबला. चार आवाजांत तयार केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. तेच आईने पूर्ण केलं.

"पण का? का म्हणजे काय, बारक्या. चुकले."

एवढंच. आभाळ होतं तिथेच होतं. एक बस गेली. आई उठण्यासाठी हात पुढे करून म्हणाली, "पलीकडून दुसरी टोळी यायची. त्यांची हद्द दोनशे बेचाळीसला सुरू. म्हणजे हा धरून एकोणतीस दगड चुकलेत. दिवसाला दहा धरले तर तीन दिवस. रंग कुठे मिळेल बघ."

रस्त्यापलीकडे पत्र्याचं एक गॅरेज होतं. मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि बोलायला माणूस मिळाला की हातातला पाना खाली ठेवणारा. आईने त्याच्याकडे काळा-पांढरा रंग मागितला आणि काय करायचंय ते सांगितलं. त्याने पाना परत उचलला.

"हात लावायचा नाही हां, मावशी, त्या दगडाला."

"का? तुमच्या बापाचा आहे?"

"माझा पत्ता आहे तो. ही पाटी वाचा."

पाटीवर लिहिलं होतं, 'दुसऱ्या २१२ चं गॅरेज. बंद गाडीला टोचन मिळेल.'

"चुकीच्या आकड्यावर दुकान थाटलंत तुम्ही?"

"आम्हाला काय माहीत चूक? आम्हाला वाटलं, खात्याचं काहीतरी धोरण असेल." तो मनापासून सांगत होता. "इथे माणूस अडकला की दगड बघून फोन करतो. दोनशे सोळापाशी बंद पडलोय, दोनशे तिसापाशी टायर फुटलाय. ॲम्ब्युलन्सवाले, पोस्टवाला, सगळे याच आकड्यांवर चालतात. एकोणतीस दगड तुम्ही एक-एकने सरकवलेत तर पहिलं वर्षभर आम्ही एकमेकांना शोधत फिरू. आणि ॲम्ब्युलन्स एक किलोमीटर अलीकडे उभी राहिली तर?"

"पण ते चूक आहे," आई म्हणाली.

"असेल. पण सगळ्यांना पाठ आहे."

आई बराच वेळ त्या पाटीकडे बघत राहिली. पाटीवरचे दोन्ही दोन गबाळे होते, पण ते ती बोलली नाही. बारक्याला वाटलं आता ती वाद घालेल, आणि तिने घालावाच असंही त्याला वाटलं. निदान ओळखीचं काहीतरी होईल.

"रंग आहे की नाही तुमच्याकडे?" तिने शेवटी विचारलं.

"आहे, पण..."

"काळजी करू नका. आणा."

मडगार्डला लावायचा काळा आणि कुठल्याशा दारासाठी आणलेला पांढरा, असे दोन डबे आले. ब्रश तीन आले. आईने दोन नापास केले आणि तिसऱ्याचे केस ब्लेडने कापून घेतले. एका जुन्या टायरवर ती बसली. बारक्याने दगड पुसून पांढरा हात दिला. तो वाळेपर्यंत तिघांनी चहा घेतला आणि चहा चांगला आहे हे आईने कुठलाही 'पण' न जोडता कबूल केलं. मग तिने काळ्यात ब्रश बुडवला.

"डबा सरळ धर. मोजायला दिलाय का तुला?"

पहिला दोन आला. एका दमात, शेपटीच्या उचलीसकट. हात त्र्याहत्तर वर्षांचा होता, पण टेकला की थरथरत नव्हता. मग एक. मग ब्रश दगडापासून बोटभर अंतरावर थांबला.

गॅरेजवाल्याने श्वास धरला. बारक्यानेही धरला. तिथे तीन काढायला तिला कुणी अडवू शकलं नसतं. ब्रश तिच्या हातात होता, आणि बरोबर आकडा काय हे त्या रस्त्यावर तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोन गाड्या गेल्या.

तिने दोन काढला. पहिल्याहून सुबक. शेपटी उचलली, ब्रश फिरवून घेतला आणि मान मागे करून बघितलं.

"ऐंशीच्या वेगात दिसेल," ती म्हणाली. "चुकीचा असला म्हणून काय घाण काढायचा?"

मग तिथूनच, टायरवर बसूनच, तिने मुकादमाला फोन लावायला सांगितला.

"मुकादम, दोन आहेत. दोन्ही माझे."

मुकादम घाबऱ्याघाबऱ्या म्हणाला, "अहो बाई, जाऊ द्या हो, माझीच नजर जरा..."

"नजर चांगली आहे तुमची. अडतीस वर्षांपूर्वी कुठे गेली होती? दोन टोळ्यांचा जोड तपासणं कुणाचं काम होतं? दोनशे चाळीसनंतर एकदम दोनशे बेचाळीस! वळणापलीकडे जाऊन बघायला पाय दुखत होते का? आणि एकशे ऐंशीला पूल विसरला होतात ते सांगू का घरी सगळ्यांना?"

फोन पुढे बावीस मिनिटं चालला. सुरुवातीची दहा मिनिटं भांडण होतं. उरलेली बारा दोघंही हसत होती, आणि मधूनच आई म्हणत होती, "हो हो, तो स्वयंपाक्या! आणि तुमचा बूट!" बारक्याला त्यातला ना स्वयंपाक्या माहीत होता ना बूट. आई कधी तरुण होती, तंबूत राहायची, तिच्याभोवती माणसं चुका करायची, हे त्याने कधी जमेलाच धरलं नव्हतं. गॅरेजवाल्याने रंगाचे पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी, जाता जाता पाटीवरचे दोन्ही दोन नीट करून द्याल का, असं विचारलं. आईने करून दिले.

परतीच्या वाटेवर आईला झोप लागली. तिसऱ्या प्रहरी जागी झाली तेव्हा रस्त्याला दोन्हीकडून झाडं आली होती आणि बारक्या खुशीत होता. दुपारी त्याने आईला दिव्यांच्या खोक्यांची गोष्ट पुन्हा एकदा, सविस्तर सांगितली होती. खोकी कसली आणि ते जादा शून्य कुठून आलं इथपासून. आणि डोळा लागेपर्यंत ती नुसती "बरं" म्हणत होती.

"छान आहे हा रस्ता," आई म्हणाली. "येताना नव्हता."

"नव्हता?" बारक्या सावध झाला. "म्हणजे?"

"मघाच्या फाट्याला तू डावीकडे वळलास. उजवीकडे जायचं होतं."

"कधी?"

"झाले असतील सहा किलोमीटर. पाटी मला दिसली होती. अर्धवट जागी होते."

बारक्याने गाडी कडेला घेतली आणि तिच्याकडे वळला. "मग तेव्हाच सांगायचं नाही का!"

"सांगणार होते." आईने काच खाली केली. झाडांच्या पलीकडे कुठेतरी पाणी असावं, वारा ओला येत होता. "मग म्हटलं, बघू तरी, हा कुठे जातो."

बारक्याने आरशात मागचा रस्ता बघितला. गाडी वळवायला जागा भरपूर होती. परतीचे दिवस धरूनही रजेचे दोन दिवस शिल्लक होते. त्याने गिअर टाकला आणि गाडी होती त्याच दिशेने सोडली.

"हळू," आई म्हणाली. "दगड दिसत नाहीत मला."